रजा कुणाला, किती आणि कशी: पालीच्या माणसासाठी

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की बिंदुसरा धरणाच्या अंगाला पाली लागतं. बीड इतकं जवळ की इथली बरीच माणसं रोज जाऊन-येऊन नोकरी करतात. एकाच आळीत जिल्हा परिषदेचे गुरुजी असतात, बीडच्या कापड दुकानात काम करणारा पोरगा असतो, जिनिंगवर जाणारा असतो, कुणाच्या रानात साल धरलेला सालगडी असतो आणि दिवाळी झाली की कोयता घेऊन निघणारं जोडपंही असतं. या पाचही जणांच्या रजेचे नियम वेगवेगळे आहेत. घोटाळा इथेच होतो. दुकानातला पोरगा गुरुजींना विचारतो, गुरुजी आपल्या नियमानं सांगतात, आणि मालकापुढे ते टिकत नाही.

म्हणून पहिली पायरी रजा मोजण्याची नाही. आपण कोणत्या कायद्याखाली येतो हे आधी पाहायचं. पगार सरकारी तिजोरीतून किंवा जिल्हा परिषदेकडून होतो का? मग महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१. दुकान, हॉटेल, खाजगी कार्यालय असेल तर दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा. यंत्रावर माल तयार होतो अशा जागी कारखान्याचा कायदा, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता. शेतावर आणि ऊसतोडीला बोलीचा व्यवहार चालतो, त्याबद्दल पुढे सविस्तर.

दुसरी पायरी म्हणजे सुट्टी आणि रजा वेगळी करणं. सुट्टी सगळ्यांना एकदम मिळते, ती मागावी लागत नाही. रजा ज्याच्या त्याच्या खात्यावर असते, ती अर्ज करून घ्यावी लागते आणि घेतली की खात्यातून वजा होते.

आधी सुट्ट्या पाहू. दर वर्षअखेरीस राज्य सरकार पुढच्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढतं. तिचा आधार आहे १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांचा कायदा. त्याच्या कलम २५ मध्ये सार्वजनिक सुट्टी कशाला म्हणायचं ते आहे, कारण हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर काय करायचं हे ठरवावं लागे. त्यामुळे ही यादी सरकारी कार्यालयं आणि बँका यांची आहे. खाजगी दुकानदारानं त्या सगळ्या दिवशी दुकान बंद ठेवावं असं ती यादी सांगत नाही. 'सरकारी सुट्टी आहे, मग माझा पगार का कापला' हा वाद बहुतेक वेळा इथूनच निघतो.

यादीतला आकडाही फसवा असतो. २०२५ साली यादीत २४ सुट्ट्या होत्या. पण गांधी जयंती आणि दसरा दोन्ही २ ऑक्टोबरला आले, स्वातंत्र्यदिन आणि पारशी नववर्ष १५ ऑगस्टला आले. प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी आणि मोहरम रविवारी आले, बकरी ईद शनिवारी. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कर्मचाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात १७ दिवस उरले. रविवारी आलेल्या सुट्टीची बदली सुट्टी सोमवारी मिळत नाही, हे लक्षात असू द्यावं.

या यादीशिवाय आणखी तीन गोष्टी असतात. भाऊबीजेसारखी एखादी सुट्टी फक्त सरकारी कार्यालयांना जादा दिली जाते. जिल्हाधिकारी आपल्या जिल्ह्यापुरत्या स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात; त्या बँकांना आणि न्यायालयांना लागू नसतात, म्हणून त्या दिवशी बँकेचं काम काढलं तरी चालतं. आणि शाळांचा हिशेब निराळा. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्ट्या धरून शाळेच्या एकूण सुट्ट्या वर्षाला ७६ च्या वर जाऊ नयेत, असं बंधन आहे. त्यातल्या काही मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या असतात. आपल्याकडे कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथ स्वामींची यात्रा भरते. त्याच तिथीला गुरुनानक जयंतीची सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे नोकरदाराला यात्रेसाठी रजा टाकावी लागत नाही. पोळ्याचं तसं नाही. पोळा सार्वजनिक सुट्टीच्या यादीत नसतो, तेव्हा त्या वर्षीच्या स्थानिक सुट्ट्यांचा आदेश पाहूनच बैल सजवायचा बेत करावा.

आता सरकारी नोकराच्या रजा. तीन खाती समजली की बहुतेक काम भागतं.

पहिली नैमित्तिक रजा, म्हणजे अचानक निघालेल्या एकदोन दिवसांच्या कामाची रजा. बोलताना आपण तिला किरकोळ रजा किंवा सीएल म्हणतो. राज्य कर्मचाऱ्याला वर्षाला ८, शाळेतल्या शिक्षकांना १२. वर्ष संपलं की उरलेली जाते, पुढे साठत नाही.

दुसरी अर्जित रजा, म्हणजे नोकरी करून कमावलेली, पूर्ण पगाराची रजा. १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशी वर्षाला ३० दिवस आगाऊ खात्यावर जमा होते आणि ३०० दिवसांपर्यंत साठते. नवीन नेमणूक असेल तर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला अडीच दिवस. समजा आपण १२ मार्चला रुजू झालात. मार्च पूर्ण नाही, तो धरायचा नाही. एप्रिल, मे, जून असे तीन महिने, म्हणून साडेसात, पूर्णांकात ८ दिवस. शिक्षकांना मोठ्या सुट्ट्या मिळतात, त्यामुळे त्यांची अर्जित रजा बरीच कमी असते. शेजारच्या लिपिकाचा ३० चा आकडा गुरुजींनी आपल्याला लावू नये.

तिसरी अर्धपगारी रजा, वर्षाला २० दिवस. नाव ऐकून लोक ती विसरूनच जातात, आणि आजारपणात हीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडलं तर ती परिवर्तित रजेत बदलून घेता येते, म्हणजे पगार पूर्ण मिळतो आणि खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. १५ दिवस टायफॉइडनं पडून होतात, तर १५ दिवसांचा पूर्ण पगार आणि अर्धपगारी खात्यातून ३० दिवस कमी. माझ्या मते आजारपणात आधी हेच खातं वापरावं. अर्जित रजेचे निवृत्तीला पैसे मिळतात. ती तापात खर्च करू नये.

ही सगळी जमा-खर्चाची नोंद सेवापुस्तकातल्या रजा लेख्यात असते. बँकेच्या पासबुकासारखंच आहे ते, फरक इतकाच की ते आपल्या हातात नसून कार्यालयाच्या कपाटात असतं. वर्षातून एकदा ते मागून पाहावं. जानेवारी आणि जुलैची जमा पडली आहे का, घेतलेली रजा दोनदा तर वजा झाली नाही ना, बदली होऊन आलात तेव्हा जुन्या तालुक्यातली शिल्लक पुढे आली का, एवढ्या तीन ओळी तपासायच्या. निवृत्तीच्या सहा महिने आधी वीस वर्षांपूर्वीची नोंद शोधत फिरणं फार अवघड जातं. बदलीचा तालुका दुसरा, तिथला लिपिक बदललेला, हजेरीपट कुठल्या गाठोड्यात कुणालाच ठाऊक नाही.

आता अर्ज. तो साध्या कागदावर किंवा विहित नमुन्यात करावा आणि त्यात पाच गोष्टी हव्यात: रजेचा प्रकार, कधीपासून कधीपर्यंत, कारण, रजेच्या आधी-नंतर कोणत्या सुट्ट्या जोडून हव्यात, आणि रजेतला पत्ता व फोन. पोच घ्यावी. मंजुरी हाती आल्याशिवाय जाऊ नये. रजा हक्क म्हणून मागता येत नाही असं नियमांतच म्हटलं आहे. कामाच्या गरजेनुसार साहेब ती नाकारू शकतात. मात्र आपण अर्जित रजा मागितली असताना साहेबांना ती परस्पर अर्धपगारी करता येत नाही. द्यायची की नाही हे त्यांच्या हाती, कोणती हे आपल्या लेखी मागणीवर. हा भेद माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक गप्प बसतात.

मुख्य अडचण दिवस मोजण्यात येते. २०२५ ची दिवाळी घेऊ. १८ ऑक्टोबरला शनिवार, १९ ला रविवार, २० ला सोमवार कामाचा. २१ ला लक्ष्मीपूजन, २२ ला पाडवा, २३ ला भाऊबीज, तिन्ही सुट्ट्या. २४ ला शुक्रवार कामाचा, २५ आणि २६ ला शनिवार-रविवार.

समजा आपण २० ते २४ अशी अर्जित रजा टाकली. कामाचे दिवस दोनच आहेत, पण रजा पाच दिवसांची पडेल, कारण अर्जित रजेच्या मध्ये आलेली सुट्टी रजेतच मोजतात. आधीचा शनिवार-रविवार आणि नंतरचा शनिवार-रविवार मात्र परवानगी घेऊन जोडले तर रजेत धरले जात नाहीत. म्हणजे टोकाची सुट्टी सुटते, मधली अडकते.

हेच नैमित्तिक रजेनं केलं तर मधल्या सुट्ट्या वजा होत नाहीत. पण नैमित्तिक रजा आणि सुट्ट्या मिळून सलग किती दिवस गैरहजर राहता येतं यावर मर्यादा असते, त्यामुळे १८ ते २६ असा नऊ दिवसांचा पट्टा मंजूर होणं कठीण. फक्त सोमवारची एक किरकोळ टाकली तर १८ ते २३ असे सहा दिवस घरी मिळतात, तेही एका रजेत. एवढ्यात कुणाचीही दिवाळी नीट होते. आणखी एक: नैमित्तिक रजेला अर्जित रजा चिकटवता येत नाही. दोन दिवसांची सीएल घेऊन गेलात, तिकडेच मुक्काम वाढला आणि पुढचे दिवस अर्जित करून मागितले, तर सुरुवातीचे दोन दिवसही अर्जितमध्येच जातात.

रजा संपली आणि आपण हजर झाला नाहीत, तर ती अनधिकृत गैरहजेरी. पगार जातो, चौकशीही लागू शकते. दवाखान्यात असाल तर कुणाहाती तरी मुदतवाढीचा अर्ज पाठवावा. नंतर तोंडी सांगण्याला काही वजन राहत नाही. वैद्यकीय रजेवरून परतताना कामावर जाण्यास योग्य असल्याचा दाखला लागतो, तो घेऊनच हजर व्हावं. खात्यावर कोणतीच रजा नसेल तर असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. ती घेतली की पुढच्या सहामाहीच्या अर्जित रजेतून तिचा दहावा हिस्सा कमी होतो: ३० दिवस बिनपगारी, तर १५ ऐवजी १२ जमा. वेतनवाढही पुढे जाऊ शकते, म्हणून आजारपणाचं कारण असेल तर त्याचं प्रमाणपत्र लावायला विसरू नये.

सरकारी नोकरीतल्या बाईला प्रसूती रजा १८० दिवस, पूर्ण पगारी, आणि ती कोणत्याही खात्यातून वजा होत नाही. हयात अपत्यं दोनपेक्षा कमी असावीत ही अट. गर्भपात झाला तर ४५ दिवस. शिवाय २०१८ पासून मुलांसाठी संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पत्नी हयात नसलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता खाजगी दुकानं, हॉटेलं, ढाबे. २०१७ चा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. आधी आपल्या मालकाकडे माणसं किती आहेत ते मोजा. कायदा आला तेव्हा १० किंवा जास्त कामगार ही अट होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती २० वर नेण्यास मंजुरी दिली. पाली-बीडमधल्या बहुतेक दुकानांत तीन-चार माणसं असतात, म्हणजे त्यांच्यापर्यंत हा कायदा पोचतच नाही. मला हे सर्वात मोठं अन्यायाचं ठिकाण वाटतं. अशा ठिकाणी कामाला लागतानाच आठवड्याची सुट्टी आणि सणाचे दिवस कागदावर लिहून घ्यावेत, निदान मोबाइलवर मालकाचा तसा संदेश तरी असू द्यावा.

कायदा लागू असलेल्या ठिकाणी मात्र हिशेब स्वच्छ आहे. दुकान वर्षभर उघडं राहिलं तरी प्रत्येक कामगाराला आठवड्यात एक दिवस सुट्टी हवीच. वर्षाला ८ नैमित्तिक रजा, तिमाहीला दोन याप्रमाणे, न घेतल्यास वर्षाअखेर जातात. गेल्या वर्षी २४० दिवस किंवा जास्त काम भरलं असेल तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा. ३०० दिवस भरले तर १५. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही मालकानं नाकारली, तर ४५ च्या वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात. नोकरी सुटली तर शिल्लक रजेचा पगार द्यावा लागतो. शेवटचा महिना उचलून तसंच निघून येणारी मुलं हे पैसे सोडून देतात.

सणाच्या भरपगारी सुट्ट्या ८. त्यातल्या चार कायद्यानंच ठरवल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी बसून ठरवायच्या, गावच्या रीतीप्रमाणे. इथेच पोळा मागता येतो, ईद मागता येते, आंबेडकर जयंती मागता येते. डिसेंबरात कुणी बोलत नाही आणि ऑगस्टात पोळ्याला भांडण होतं. या आठ दिवसांपैकी एखाद्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट मजुरी आणि शिवाय दुसऱ्या एखाद्या दिवशी बदली सुट्टी, दोन्ही मिळायला हवं. 'जेवण दिलं ना' यावर भागत नाही.

लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानाचा दिवस वेगळा. त्या दिवशी मतदार असलेल्या प्रत्येक कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते, दुकान केवढंही असो आणि माणूस रोजंदारीवर असो.

जिनिंग, साखर कारखाना अशा ठिकाणी आजवर १९४८ च्या कारखाने अधिनियमानं वर्षाला २४० दिवस भरले तरच भरपगारी रजा मिळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ही अट १८० दिवसांवर आली. दर २० दिवसांना एक रजा हा दर तोच. हंगामी कामगारासाठी हा फरक मोठा आहे, कारण हंगाम २४० दिवस चालत नाही. हजेरीकार्ड जपून ठेवा, भरलेले दिवस त्यावरूनच सिद्ध होतात. दहा किंवा जास्त माणसांच्या खाजगी आस्थापनेत पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा २६ आठवडे, तिसऱ्याला १२. आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं असावं.

सालगड्याचा व्यवहार गुढीपाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला फिटतो. साल ठरताना धान्य, पैसे, कपडे यांचं बोलणं होतं, सुट्टीचं सहसा होत नाही. मग लेकीच्या लग्नाचे आठ दिवस 'नागा' म्हणून सालातून कापले जातात. पाडव्यालाच चार माणसांसमोर ठरवून टाकावं: महिन्याला किती दिवस सोडायचे, आजारात किती, लग्न-मयतीला किती, आणि त्यावर गेले तर दिवसाला काय कापायचं.

ऊसतोडीचं याहून कठीण आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधी घेतलेली उचल, आणि टनावर मजुरी. त्यात आठवड्याची सुट्टी नाही, सणाची नाही, आजाराची नाही. एक दिवस फडात गेलं नाही तर खाडा पडतो. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर मुकादम दंडही लावतो आणि तो उचलीत चढवतो. हंगाम संपल्यावर झालेल्या टनांतून उचल आणि खाडे वजा होतात, आणि उरलेलं देणं पुढच्या वर्षावर जातं. बाईच्या पाळीचे दिवस, गरोदरपण, गर्भपातानंतरचा आराम, यांतलं काहीही खाड्यातून सुटत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. पगारी रजेचा एकही दिवस नसणं म्हणजे काय, हे या आकड्यात दिसतं.

कायद्यानं हे बदलायला हवं, त्याची वाट पाहत असतानाही काही हाती आहे. उचल घेताना खाड्याचा दर विचारून तो कागदावर लिहून घ्या आणि आजार, बाळंतपण, मयत यांचे दिवस दंडातून वगळा असं तिथेच बोला. हंगाम चालू असताना मागून काही मिळत नाही. वही ठेवा: तारीख, गाडीचं वजन, पावती क्रमांक, खाडा पडला तर कारण आणि दवाखान्याची चिठ्ठी. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्या. गावातून निघण्याआधी ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगार म्हणून नोंद करून ओळखपत्र घ्यावं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांसाठी तोच पुरावा लागतो.

शेवटची पायरी नोकरी संपताना. सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या दिवशी शिल्लक असलेल्या अर्जित रजेचे, जास्तीत जास्त ३०० दिवसांचे, पैसे मिळतात: मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले ३०, गुणिले दिवस. महिन्याला हे दोन्ही मिळून ६०,००० होत असतील आणि २०० दिवस शिल्लक असतील तर चार लाख रुपये. घरभाडे भत्ता यात धरत नाहीत.

खाजगी ठिकाणी रजा किंवा रजेचे पैसे अडवले तर आधी मालकाला तारीख घालून लेखी मागणी द्यावी आणि पंधरा दिवस थांबावं. नंतर बीडच्या कामगार कार्यालयात अर्ज करावा. जाताना नेमणुकीचा कागद किंवा पगार जमा झाल्याची बँकेची नोंद, हजेरीकार्ड, रजेच्या अर्जाची पोच आणि सोबत काम केलेल्या एखाद्याचं नाव, एवढं न्यावं. नेमणुकीचा कागद नसेल तरी जावं. खात्यावर दरमहा आलेला पगार आणि दुकानातल्या हजेरीवहीचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवून काम केल्याचं सांगता येतं.